आयजीई वाढलं म्हणून मांजराची ॲलर्जी ठरत नाही

पावसाळ्यात पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. गोषवारा असा: घरात मांजर आहे आणि शिंका, खोकला चालू आहे? रक्तातलं आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी) तपासा. आकडा वाढलेला आला की मांजराची ॲलर्जी पक्की. मांजर घराबाहेर काढा, आठ दिवसांत बरं वाटेल. हौसच असेल तर बिनकेसांचं मांजर आणा.

यातलं एकही विधान टिकत नाही. अशा मेसेजच्या भरवशावर माणसं पाळलेलं मांजर पिशवीत घालून लांब सोडून येतात आणि शिंका तशाच राहतात, म्हणून हे लिहितोय.

आधी तपासणीचं बघू. लॅबमध्ये नुसतं ‘आयजीई’ सांगितलं तर बहुधा एकूण आयजीई मोजतात. ते जंतांनी वाढतं, इसबानं वाढतं, धुळीच्या ॲलर्जीनंही वाढतं. त्या आकड्यातून मांजराचं नाव निघत नाही. उलट एकूण आयजीई नॉर्मल असूनही मांजराची ॲलर्जी असू शकते. मांजरासाठीचं विशिष्ट आयजीई वेगळं सांगून करावं लागतं.

खरी गफलत याच्या पुढे होते. समजा विशिष्ट आयजीई ०.३५ किलोयुनिट प्रतिलिटर या रूढ मर्यादेच्या वर आलं, किंवा प्रिक टेस्टमध्ये, म्हणजे मांजराच्या प्रथिनांचा थेंब त्वचेवर ठेवून हलकं टोचल्यावर, १५-२० मिनिटांत ३ मिलिमीटरची गांध उठली. याचा अर्थ एवढाच, की शरीरानं मांजराच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आहेत. डॉक्टर याला सेन्सिटायझेशन म्हणतात. संपर्क आल्यावर त्रासही होत असेल, तरच ती ॲलर्जी. रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि मांजर मांडीवर झोपलं तरी काही होत नाही, अशीही माणसं असतात. त्यांच्या शिंकांमागे गादीतले डस्ट माइट (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे) असू शकतात, ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी असू शकते, नाहीतर गाजर गवताचे परागकण. हे गवत भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते १९५०च्या दशकात, पुण्यातच. मोकळ्या प्लॉटवर ते आजही माजतं.

म्हणून चांगला डॉक्टर आधी प्रश्न विचारतो. मांजराजवळ गेल्यावर किती वेळात शिंका येतात? डोळे खाजतात का? चाटलं किंवा ओरखडलं तिथे गांधी उठतात का? मांजर असलेल्या दुसऱ्या घरी काय होतं? उत्तरं आणि टेस्ट जुळली, तरच निदान. आणखी एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही: सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर प्रिक टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना विचारून त्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. याच कारणासाठी टेस्टमध्ये हिस्टामिनचाही एक थेंब टोचतात; या रसायनानं एरवी कुणालाही गांध उठते. तिथे गांध उठली नाही, तर बाकीचे निगेटिव्ह निकाल धरायचे नाहीत. गोळ्या थांबवणं शक्यच नसेल तर रक्ततपासणी करावी, तिच्यावर त्यांचा परिणाम होत नाही.

आता ‘आठ दिवसांत बरं वाटेल’. मांजराचं मुख्य ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी घडवणारा पदार्थ, फेल डी १ हे प्रथिन. त्याचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात, सोफ्यात आणि गादीत बसतात, कपड्यांवरून मांजर नसलेल्या घरांत आणि शाळांतही पोचतात. मांजर गेल्यावर घरातलं प्रमाण उतरायला कित्येकदा चार ते सहा महिने लागतात. तेव्हा आठ दिवसांत बरं वाटलं किंवा नाही वाटलं, दोन्हींवरून काहीच सिद्ध होत नाही.

बिनकेसांच्या मांजराचा सल्ला तर पैसे बुडवणारा. फेल डी १ त्वचेतल्या तेलग्रंथींतून आणि लाळेतून येतं, केस फक्त ते वाहून नेतात. ॲलर्जीमुक्त अशी कुठलीही जात नाही.

निदान पक्कं झालं असेल तर मात्र दुखणं अंगावर काढू नका. छातीत शिट्टी वाजते, रात्री दम लागतो, असं असेल तर दम्यासाठी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करून घ्या आणि औषधं नियमित घ्या. अशा घरात मांजराशी संपर्क टाळणं हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे, हे मांजरावर जीव असूनही मी सांगेन. त्यासाठी ओळखीचं, त्याला सांभाळणारं घर शोधा. ते मिळेपर्यंत निदान झोपायच्या खोलीत त्याला येऊ देऊ नका.