नळाचं पाणी एकदाचं जाऊ दे

सोलापुरात लहानपण नळाला पाणी कधी येतंय याची वाट बघण्यात गेलं आणि आता मिनेसोटात ऑक्टोबर लागला की माझा उलटा धंदा सुरू, आरव्हीच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या, नळातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत हाकलायचं. इथे पारा उणे 25-30 सेल्सिअसला जातो, पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं, आणि पंपात किंवा नळात चूळभर जरी राहिलं तरी एप्रिलमध्ये गाडीत कारंजं.

टाकी रिकामी केली, हीटर बंद करून, गार करून, त्याचा अॅनोड रॉड काढला. पाण्याने हीटर खाण्याऐवजी या रॉडला खावं म्हणून तो बसवलेला असतो, आणि खाल्लाही होता, उसाच्या चिपाडासारखा निघाला. माझा एक बूट भरला ते सोडा.

मग नळ्यांत भरायचं ते थंडीत न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ. (गाडीच्या इंजिनातलं हिरवं नाही हां, ते विषारी.) पंपाची नळी कॅनमध्ये बुडवायची आणि एकेक नळ सोडायचा, गुलाबी आलं की बंद. गारचा नळ लगेच गुलाबी झाला. गरमच्या नळातून नुसती फुसफुस! मी म्हटलं येईल, सोलापुरात पण आधी हवाच यायची. दोन कॅन संपले, तिसरा अर्धा झाला, व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, "अरे, एवढं सरबत कुणासाठी?" तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली की हीटरला वगळून थेट नळाकडे सोडणारा बायपासचा व्हॉल्व्ह फिरवायचाच राहिला, म्हणजे 6 गॅलनचा हीटर आधी स्वतःचं पोट भरणार आणि मग उरलं तर नळाला. तो व्हॉल्व्ह बेडखाली, फळीमागे. तोंडात टॉर्च धरून पालथा पडलो, बायको शांतपणे म्हणाली, "मागच्या वर्षी पण हेच केलं होतंस."

हीटरमधलं सगळं परत काढलं, आणखी दोन कॅन आणले, बेसिनचे आणि टॉयलेटचे नळ झाले, ड्रेनमध्ये कपकप ओतलं, हात धुऊन जेवलो पण.

रात्री दोनला दचकून उठलो, बाहेरचा शॉवर!! गाडीच्या मागच्या बाजूला झाकण असतं ना, पाय धुवायला, तो. आईनं विणलेला पांढरा स्वेटर चढवला, कानटोपी घातली, पंप लावला तर त्याची घरघर अख्ख्या गल्लीला, शेजाऱ्यांचा दिवा लागला. मी झाकण उघडून नळ फिरवला आणि शॉवरचं तोंड नेमकं माझ्याकडे.

गुलाबी आलं मात्र लगेच.