सातचा भाव, पाचला सौदा

फोटोत माझं फक्त कोपर आलंय. बाकी सगळीकडे काकाजीच. एका हातात संत्रं, दुसरा हात फळ्याकडे, भोवती आमची चौथीची पोरं आ वासून. पालकांच्या ग्रुपवर खाली ओळ : 'आजोबांनी मुलांना हसतखेळत गणित शिकवले.' त्याखाली टाळ्याच टाळ्या.

बाजार मी मांडला होता हो. आनंददायी शनिवार, परीक्षा तोंडावर, सातच्या पाढ्याशी अर्ध्या वर्गाचं वैर. म्हणून वर्गात नागपूरचं कळमना मार्केट उभं केलं. बाकांची दुकानं, खडूच्या डब्याचा गल्ला, रात्री जागून कापलेल्या कागदी नोटा आणि मृग बहाराची खरीखुरी संत्री, स्वखर्चाने. भाव सात रुपयाला एक. कोणी तीन घ्या, कोणी आठ, पाढा म्हटल्याशिवाय सुटका नाही.

पुढे अपूर्णांकही याच संत्र्यांवर घ्यायचे होते. एका संत्र्यात दहा फोडी, एक फोड म्हणजे एक दशांश. कागदावर छान जमलं होतं. प्रत्यक्षात कोणात दहा निघाल्या, कोणात अकरा, कोणात बारा, आणि त्यातही एक फोड गलेलठ्ठ तर शेजारची नुसती चामडी. 'समान भाग' या शब्दांवर पोरांचा जो विश्वास उडाला, तो आता पाचवीच्या मॅडमनेच परत बसवावा.

तेवढ्यात नातवाचा विसरलेला डबा घेऊन काकाजी आले. डबा द्यायचा आणि जायचं, इतकं साधं काम. त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि थेट पहिल्या दुकानासमोर उभे राहिले.

"काय भाव लावला बे?"

"सात रुपयाला एक."

"सात? एवढुशाचे? लुटून राहिला का लोकायले?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी गोड हसून म्हटलं, "काकाजी, भाव फिक्स आहे."

"फिक्स भाव मॉलमध्ये, मॅडम. कळमन्यात लिलाव होते." आणि फळ्यावर मीच रंगीत खडूने काढलेल्या 'कळमना मार्केट'कडे त्यांनी बोट दाखवलं. मग एक संत्रं उचललं, दाबलं, नाकाशी नेलं, देठाकडून पाहिलं. "हे नागपूरचंच, कशावरून? आपल्या संत्र्याले जीआय टॅग आहे, नागपूरचंच असल्याचा सरकारी शिक्का, २०१४ पासून. तुमच्या दुकानात बोर्ड नाही दिसत." दुकानदाराने सुटे पैसे म्हणून पुढे केलेली नोट त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. "यावर सही कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"चालणार नाही."

वर्ग खिदळला. माझ्या विनोदांवर हा वर्ग जूनपासून हसलेला नाही.

"पाचला दे. सात घेतो."

"पस्तीस!" दुकानदार आनंदाने ओरडला. पाचचा पाढा त्याला झोपेतही येतो. पुढच्या मिनिटाला बाजारभर पाचचा भाव फुटला. सातचा पाढा, ज्याच्यासाठी मी कात्रीने बोट कापून घेतलं होतं, वर्गातून हद्दपार झाला.

इथेही थांबले असते तर मी विसरले असते. पण त्यांनी पोरांना विचारलं, "पावकी येते? निमकी? अडीचकी?" पोरं गप्प. मग माझ्याकडे वळून, "औटकी तर मॅडमले येतच असंल. साडेतीनचा पाढा. बोला मॅडम, सात औट?"

ज्या वर्गात प्रश्न विचारायचा पगार मला मिळतो, त्या वर्गात मला विचारलेला प्रश्न! अख्खी चौथी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मनात सात त्रिक एकवीसपर्यंत पोचले होते, वरचे साडेतीन मिळवणारच होते, तेवढ्यात "साडेचोवीस!" म्हणून त्यांनीच टाळी घेतली. फोटो त्याच क्षणाचा आहे. कोणी काढला ते मला माहीत आहे, पण त्या बाईंसोबत मला रोज डबा खायचा असतो.

पावकी-औटकी थोर होती, मान्य. पण ती छडीच्या धाकाने पाठ व्हायची, हे कोणी सांगत नाही. आम्ही छडीशिवाय, चाळीस पोरांत, आनंदाने शिकवायचं. आनंदही वेळापत्रकात. त्याचे फोटो अपलोड करायचे, अहवाल लिहायचा, मधेच एखादा सर्व्हे आला की पाढे सोडून घरं मोजायला जायचं. संत्र्यांचे पैसे मागितले तर मोठ्या मॅडम म्हणाल्या, "पक्की पावती आहे का?" ठेल्यावरच्या दादाने पावती द्यायची म्हणजे... जाऊ द्या. वर म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी त्या आजोबांनाच बोलवू. पोरं किती रमली होती!"

काकाजी जाताना सात संत्री पिशवीत घालून घेऊन गेले. पस्तीस रुपये दिले, माझ्याच कागदी नोटांनी. तेव्हा सही चालली.

सोमवारी तोंडी परीक्षा घेतली. त्याच दुकानदाराला उभं केलं. "सात सत्ते?"

"एकोणपन्नास, मॅडम," तो म्हणाला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडणार, तोच पुढे झुकून हळूच बोलला, "पण तुमच्यासाठी पस्तीस लावतो."