‘कोटीत एक’ नाणं: हिशेब कुठे चुकतो

टाकसाळीच्या चुकीच्या नाण्याच्या फोटोखाली एक मजकूर हमखास फिरतो: अशी चूक एक कोटी नाण्यांत एकदाच होते, नाण्यावर दोन चुका असतील तर कोटी गुणिले कोटी, आणि हजार नाणी चाळूनही तसं दुसरं सापडत नाही हाच पुरावा.

‘कोटीत एक’ म्हणताना चूक कोणती, हेच सांगितलेलं नसतं. दोष डायमध्ये, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या पोलादी साच्यात असेल तर त्या डायखालून निघणारं प्रत्येक नाणं सदोष निघतं, आणि एक डाय बदलेपर्यंत लाखो ठोके मारू शकतो. अमेरिकेच्या १९५५ सालच्या एक सेंटवर साल आणि अक्षरं दुहेरी उमटली, कारण डाय बनवतानाच ठसा दोनदा किंचित फिरून बसला होता. अशी वीस हजारांहून जास्त नाणी चलनात गेली. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत त्या वर्षी सुमारे ३३ कोटी सेंट पाडले गेले, म्हणजे प्रमाण साधारण साडेसोळा हजारांत एक. ठसा बाजूला सरकण्याची चूक मात्र धातूची कोरी चकती नीट न बसल्याने ठोक्यागणिक वेगळी घडते. या दोघींना एकच आकडा लावता येत नाही.

गुणाकाराची गडबड याहून मोठी. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसेल तरच शक्यता सरळ गुणायच्या, आणि नाणी ठोकणाऱ्या प्रेसमध्ये संबंध असतोच. ठोकलेलं नाणं बाहेर न पडता तिथेच सरकून राहिलं, तर त्यावर दुसरा ठोका तिरका बसतो. वर नवी चकती आली की खालच्या नाण्याची उलटी, खोलगट छाप तिच्यावर उमटते. चकती आलीच नाही तर दोन्ही डाय एकमेकांवर आदळतात आणि पुढच्या नाण्यांवर समोरच्या बाजूच्या रेषा पुसटशा दिसू लागतात. म्हणून दुसऱ्या चुकीची शक्यता ‘पहिली घडली असताना किती’ अशी घ्यावी लागते, आणि ती कोटीत एकच्या आसपासही नसते.

हजार नाण्यांत शून्य? नमुना निवड न करता घेतलेला असेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण हजारात तीनपेक्षा कमी आहे (तीन भागिले तपासलेली नाणी). ‘कोटीत एकपेक्षा कमी’ म्हणायला तीन कोटी नाणी चाळून शून्य यायला हवं. त्यातही एका पिशवीतली नाणी बहुधा एकाच प्रेसची असतात, त्यामुळे खरा नमुना दिसतो त्याहून लहान.

शिवाय खरा प्रश्न वेगळाच: हातातलं विचित्र नाणं टाकसाळीतून तसं आलं की नंतर ठोकलं गेलं? समजा खरी चूक लाखात एक आणि नंतरची इजा पाचशेत एक, तर इजेचं पारडं दोनशे पट जड. उलटी खोलगट अक्षरं दोन नाणी शिकंज्यात दाबूनही उमटतात, पण तेव्हा त्यांच्याखाली त्याच बाजूचं मूळ चित्र चेपलेलं शिल्लक राहतं. आधी भिंगाखाली ते शोधा, मग वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करा. शक्यतेचं गणित त्यानंतर.