‘बायकांचा एडीएचडी म्हणजे रील्सचे खूळ’ या संदेशाला उत्तर

सोसायट्यांच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशाचे म्हणणे असे: एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांचा विकार) हा लहान मुलांचा विकार, चाळिशीतल्या बायकांना तो रील्स पाहून ‘होतो’, विसरतात तर सगळेच, शिकून नोकरी करणाऱ्या बाईला तो असूच शकत नाही, आणि डॉक्टरकडे गेले की व्यसनाच्या गोळ्या गळ्यात पडतात.

हा विकार बालपणी सुरू होतो, एवढे खरे. पण तो बालपणीच संपतो असे नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमपुस्तकात सतरा वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी लक्ष न टिकणे किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातली नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली आहेत, मात्र काही लक्षणे बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावीत अशी अट आहे. म्हणजे चाळिशीत निदान करणारा डॉक्टर विकार चाळिशीत सुरू झाला असे म्हणत नसून तो बालपणी कोणाच्या लक्षात आला नाही असे म्हणतो. बाकावरून उड्या मारणाऱ्या मुलाची तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत जाते. खिडकीबाहेर पाहत बसलेल्या मुलीचा वर्गाला त्रास नसतो, त्यामुळे तिच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ एवढाच शेरा पडतो. लहानपणी निदान झालेल्यांत मुलगे मुलींपेक्षा कितीतरी अधिक असतात आणि प्रौढांमध्ये ही तफावत बरीच कमी होते, यामागे हे एक मोठे कारण आहे.

‘सगळेच विसरतात’ हा मुद्दा सर्वांत पटणारा आहे, म्हणूनच सर्वांत फसवा. बोरिवलीहून चर्चगेटला रोज उभ्याने जाणारी, परतल्यावर स्वयंपाकाला लागणारी कोणतीही बाई डबा विसरेल. नवी नोकरी लागल्यावर सुरू झालेला आणि आठवडाभराच्या सुट्टीत ओसरणारा विसराळूपणा हा एडीएचडी नव्हे. निदान करताना विचारतात ते हे, की हे कधीपासून आहे, घर आणि कार्यालय अशा एकाहून अधिक ठिकाणी आहे का, त्यामुळे खरोखर नुकसान होते का, आणि दुसऱ्या कारणाने त्याचा उलगडा होतो का. खात्यात पैसे असूनही जिचे लाइट बिल सतत थकते, कॉलेजातही जिचा रेल्वेचा पास वारंवार हरवत असे, जिचा प्रत्येक अहवाल आदल्या रात्री जागूनच पुरा होतो, तिची गोष्ट निराळी आहे. त्यातच मुलांचे डबे, सासूबाईंची औषधे, गॅसचा नंबर हे सारे एकाच बाईने डोक्यात ठेवावे अशी आपल्या घरांची रीत असल्याने तिची चूक लक्षण न ठरता स्वभावदोष ठरते. (नवरा असाच असेल तर तो ‘जरा विसरभोळा’.) ‘वेंधळी’, ‘आळशी’ ऐकत वाढलेल्या अशा अनेकींवर आधी चिंता किंवा नैराश्य यांचे उपचार होतात, ते आजारही खरेच असू शकतात, पण मुळाशी असलेले तसेच राहते.

चांगले गुण मिळाले, नोकरी टिकली, यावरून काहीच सिद्ध होत नाही. शेजारी बसून अभ्यास घेणारी आई, दहा अलार्म, याद्या आणि जागरणे यांवर पुष्कळ निभावते. मूल झाल्यावर किंवा बढती मिळाल्यावर तो डोलारा कोसळतो.

रील्सबाबत मात्र संदेश अर्धा बरोबर आहे. मिनिटभराच्या चित्रफितीवरून स्वतःचे निदान करू नये. थायरॉइड, रक्तक्षय, अपुरी झोप, नैराश्य, रजोनिवृत्तीपूर्वीचे बदल यांमुळेही लक्ष टिकत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची प्रश्नावलीसुद्धा केवळ प्राथमिक चाळणी आहे. पण यावरून तपासून घ्यावे असे निघते. जाऊच नये असे कसे निघेल?

राहिल्या व्यसनाच्या गोळ्या. एडीएचडीवर दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाचा गैरवापर होऊ शकतो, म्हणूनच भारतात ते अनुसूची ‘एक्स’ या कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत असून चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ठरवलेल्या मात्रेत, रक्तदाब, नाडी, भूक आणि झोप यांवर लक्ष ठेवून घेतलेले औषध आणि व्यसन यांत फरक आहे. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषधही मिळते, वर्तनोपचारांचाही उपयोग होतो, आणि गर्भधारणेचा विचार असल्यास तसे आधीच डॉक्टरांना सांगावे.

खर्चाची धास्ती असेल तर मुंबईत परळचे केईएम, शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराचे बाह्यरुग्ण विभाग आहेत, आणि १४४१६ या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या सरकारी क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. जाताना जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर न्यावीत, आणि शक्य असल्यास लहानपण पाहिलेली आई, मावशी किंवा थोरली बहीण सोबत असावी.