‘ताई, आधी क्लेम वाचायला शिका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली. खाली उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं वाढलं की वेगळं टाकते आहे.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चष्म्यात किंवा अंगावर घालायच्या वस्तूत बसवलेला कॅमेरा उजेड पाहून आपली सेटिंग आपणच बदलतो, यावर अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात अर्ज येत असतात. माझं म्हणणं असं होतं की, मी वाचलेल्या अशा अर्जांपैकी बऱ्याच अर्जांत जुनीच गोष्ट नाकावर चढवलेली असते. एक्झामिनरला, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, ते जुनं दिसत नाही, कारण ते पेटंटांत नसतं. ते कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये आणि शोधनिबंधांत पडलेलं असतं.

प्रतिक्रियेची सुरुवात अशी: ‘ताई, आधी क्लेम वाचायला शिका, मग एक्झामिनरला शिकवा.’ (क्लेम म्हणजे अर्जातलं ते वाक्य, ज्यात अर्जदार नक्की कशावर हक्क मागतो ते लिहिलेलं असतं.) पुढचे मुद्दे चार. आइनस्टाईनच्या, आपोआप उजेड जुळवणाऱ्या कॅमेऱ्याचा संदर्भ मी चुकीचा दिला. चष्म्यात व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) नाही, बॅटरी नखाएवढी आणि डोकं सतत हलतं, म्हणजे अडचण वेगळी, म्हणून उत्तरही वेगळं. एक्झामिनर शिकलेले इंजिनियर असतात, ‘घरी बसून गूगल करणारे’ नसतात. आणि पेटंट मिळणार नसेल तर संशोधनात पैसा कोण घालेल?

चूक आधी कबूल करते. मी ‘आइनस्टाईनने १९३५ साली पेटंट घेतलं’ असं लिहिलं होतं. अर्ज ११ डिसेंबर १९३५ चा आहे, पेटंट मंजूर झालं २७ ऑक्टोबर १९३६ रोजी, क्रमांक २०,५८,५६२. आणि ते एकट्या आइनस्टाईनचं नाही, गुस्ताव बकी या डॉक्टर मित्राबरोबरचं आहे. एक्स-रेच्या खोलीत ‘बकी’ हा शब्द ज्यांनी ऐकला असेल, तेच हे बकी. त्यांचं नाव गाळायला नको होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण वर्ष दुरुस्त झाल्याने मुद्दा पडत नाही. त्या पेटंटात उजेड फोटोसेलवर पडतो, त्यातून निघालेल्या विजेने कमीजास्त पारदर्शक पडदा भिंगासमोर सरकतो आणि आत किती उजेड जायचा ते ठरतं. माणसाने काही करायचं नाही. दोनच वर्षांनी, १९३८ साली, कोडॅकचा सुपर सिक्स-२० बाजारात आला. तो बटण दाबताच ॲपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं छिद्र, आपलं आपण ठरवायचा. किंमत २२५ डॉलर, त्या काळात! म्हणजे ‘उजेड मोज आणि त्याप्रमाणे सेटिंग बदल’ ही कल्पना ऐंशी वर्षांहून जुनी आहे.

आता त्या पहिल्या वाक्याकडे येते.

‘ताई’ म्हटल्याचं मला वाईट वाटत नाही. कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत लोक मला ताई म्हणतात आणि मला ते आवडतं. पण तुम्ही तो शब्द ज्या जागी ठेवला आहे, तिथे तो आदराचा नाही. बाईने कॅमेऱ्याबद्दल आणि कायद्याबद्दल एका दमात लिहिलं की आधी तिला बसवायचं आणि मग शिकवायचं, ही सवय मी नोकरीत रोज पाहिली आहे. याच ब्लॉगवर माझ्याहून कितीतरी कच्चं लिहिणाऱ्या एका पाहुण्या लेखकाला तुम्हीच ‘सर, छान मांडणी’ असं लिहिलं होतंत. शोधून पाहा, अजून तिथेच आहे.

आणि क्लेम वाचायला शिका? पुण्यात बाणेरला एका ऑफिसात मी अकरा वर्षं हेच केलं. अमेरिकेतल्या वकिलांसाठी प्रायर आर्ट, म्हणजे तीच गोष्ट आधी कुठे आली आहे त्याचे पुरावे, शोधायचं काम. संध्याकाळी त्यांचं ऑफिस उघडायचं तेव्हा आमचे फोन सुरू व्हायचे. कॅमेरा, डिस्प्ले आणि सेन्सर हे माझे विषय. क्लेम कसा वाचतात ते मला स्वप्नातही सांगता येईल: वाक्य स्वल्पविरामापाशी तोडायचं, प्रत्येक तुकड्याला १अ, १ब असा क्रमांक द्यायचा, डाव्या रकान्यात तुकडा, उजव्या रकान्यात तो आधी कुठे छापून आला आहे त्याचा पान क्रमांक आणि ओळ. उजवीकडची एक चौकट जरी रिकामी राहिली तरी त्या एका कागदाने क्लेम पडत नाही. मग दुसरा कागद शोधायचा, आणि दोन्ही एकत्र आणायला त्या कामातल्या जाणकाराकडे काय कारण होतं ते लिहायचं.

तुम्ही म्हणता म्हणून करूनच दाखवते. अशा अर्जांत असतो तसा नमुना, माझ्या शब्दांत. १अ, डोक्यावर घालायचं साधन. १ब, त्यावर कॅमेरा. १क, आजूबाजूचा उजेड मोजणारा सेन्सर. १ड, त्या मापावरून कॅमेऱ्याची सेटिंग निवडणारा प्रोसेसर. १इ, घालणाऱ्याने हात न लावता फोटो निघणं.

आता उजवा रकाना. स्टीव्ह मान नावाचे संशोधक, पुढे टोरोंटो विद्यापीठात प्राध्यापक झाले, १९८० च्या दशकापासून अंगावर कॅमेरा घालून हिंडत होते. १९९४ पासून त्यांच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातली चित्रं थेट इंटरनेटवर जायची. डोकं वळवलं की कॅमेरा उजेडातून अंधाराकडे जातो आणि आपली एक्सपोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) आपणच बदलतो, ही गोष्ट त्यांनी नुसती पाहिली नाही, तिचा उपयोग केला: एकाच दृश्याची कमीजास्त एक्सपोजरची चित्रं जुळवून एक चांगलं चित्र करण्याचे त्यांचे निबंध १९९० च्या दशकातले आहेत. १अ, १ब, १ड भरले. मग मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेतला सेन्सकॅम. गळ्यात अडकवायचा, आत उजेडाचा सेन्सर, हालचालीचा सेन्सर, उष्णता ओळखणारा सेन्सर. माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला, उजेड बदलला, की आपोआप फोटो. स्मृती गेलेल्या रुग्णासाठी तो वापरून पाहिला आणि त्यावरचा निबंध २००६ साली छापून आला. १क, १इ भरले. सेन्सकॅम छातीवर असतो, डोक्यावर नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. छातीवरचा सेन्सर कपाळावर न्यायला कुठली प्रतिभा लागते? २००७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात सांगितलं, की ओळखीचे भाग ओळखीच्या रीतीने जोडले आणि अपेक्षित तेच घडलं, तर तो बहुधा शोध नव्हे. ती केस गाडीच्या पेडलची होती. कॅमेऱ्याला ती जशीच्या तशी लागते.

हे मी ‘गूगल करून’ लिहिलं असं तुम्हाला वाटत असेल तर वाटो.

एक्झामिनर मूर्ख आहेत असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. लेख पुन्हा वाचा. मी लिहिलं होतं की त्यांना वेळ नसतो. अमेरिकेत एका अर्जाला एक्झामिनरचे सरासरी वीसेक तासच मिळतात. अर्ज वाचणं, शोध घेणं, ऑफिस ॲक्शन (अर्जावरच्या आक्षेपांचं पत्र) लिहिणं, अर्जदाराचा वकील उत्तर देतो त्याला पुन्हा उत्तर देणं, सगळं त्यातच. एवढ्या वेळात शहाणा माणूस आधी पेटंटांचाच डेटाबेस चाळणार, कारण तो हाताशी असतो. गळ्यात अडकवायच्या कॅमेऱ्यावरचा दहा पानांचा निबंध त्याच्यासमोर यायचा कसा?

आमचंही तेच व्हायचं, आणि हे मला आजही सलतं. एका कामात ग्राहकाने दहा तास दिले होते आणि फक्त पेटंटं शोधा असं बजावलं होतं. एका जुन्या कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये अगदी तेच वाक्य आहे, हे मला माहीत होतं. ते मॅन्युअल मी लहानपणी हाताळलं होतं. मी वरिष्ठांना लिहिलं. ‘स्कोपमध्ये नाही’ असं उत्तर आलं आणि अहवाल मॅन्युअलशिवाय गेला. त्या ऑफिसचं नाव मी घेणार नाही.

ते मॅन्युअल लहानपणी हातात कसं आलं? माझ्या वडिलांचा तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोर स्टुडिओ होता. लग्नाला ते याशिका इलेक्ट्रो ३५ न्यायचे. ॲपर्चर आपण लावायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवणार. कॅमेऱ्याच्या वरच्या पट्टीवर दोन बारीक दिवे: उजेड कमी पडला तर पिवळा, जास्त झाला तर लाल. मांडवाच्या दारात उभे राहून बाबा कॅमेरा छातीवरच ठेवायचे, डोळ्याला लावायचेच नाहीत. कॅमेरा वर गेला की लोक ताठ होतात, म्हणायचे. मान खाली घालून अंगठ्याएवढ्या जागेतले ते दोन दिवे पाहायचे, दोन्ही विझलेले दिसले की बटण दाबायचे. बाहेर रणरणतं ऊन, आत मांडवाची सावली, मध्ये नवरीची पिवळी साडी, आणि फोटो नीट यायचा. व्ह्यूफाइंडर न वापरता, अंगावर टांगलेल्या कॅमेऱ्याने, आपोआप एक्सपोजर. तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला यापेक्षा वेगळं उत्तर मला द्यायचं नाही. बॅटरी आणि डोकं हलणं वगैरे तपशील ज्याने त्याने आपल्या अर्जात लिहावेत. खरोखर त्यावर काही केलं असेल तर क्लेममध्ये तेच मागावं, ‘उजेडानुसार सेटिंग’ मागू नये.

पैसा कोण घालेल, हा मुद्दा इतक्या वेळा ऐकला आहे की त्यावर बोलत नाही. फक्त एक आठवण देते. हनीवेल आणि मिनोल्टा या कंपन्यांमधला ऑटोफोकसच्या पेटंटांचा खटला. १९९२ साली न्यू जर्सीच्या ज्यूरीने मिनोल्टाला ९ कोटी ६३ लाख डॉलरहून जास्त भरपाई लावली, शेवटी तडजोड १२ कोटी ७५ लाख डॉलरला झाली. क्लेममधल्या शब्दांची किंमत कॅमेऱ्याच्या धंद्यात एवढी असते. म्हणून मंजूर होण्याआधीच ते शब्द कोणीतरी नीट तपासावेत असं मी म्हणते, तर त्यात ‘संशोधनविरोधी’ काय आहे? हा शब्द तुमचा आहे आणि तो मला लागला, हे लपवत नाही.

तपासायला कोणाच्या परवानगीची गरजही नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०१२ पासून बाहेरचा कोणीही, चालू अर्जात, ठरलेल्या मुदतीत प्रायर आर्टचे कागद देऊ शकतो. प्रत्येक कागद कशाला लागू पडतो ते थोडक्यात लिहायचं. पहिल्याच वेळी तीन किंवा त्याहून कमी कागद दिले तर फी नाही. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम २५(१) आहे, पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही विरोध दाखल करू शकतो. घरी बसलेली बाईसुद्धा. होय, मी घरी बसूनच काम करते. आईला पक्षाघात झाला तेव्हा नोकरी सोडली आणि आता तिच्या खोलीच्या दाराशी टेबल आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण यापुढे ‘शिका’ असं लिहायचं असेल तर आधी स्वतःचं नाव लिहा. तुमच्या प्रोफाइलवर ते नाही. वरच्या नमुन्याचा पूर्ण क्लेम चार्ट, पान आणि ओळ क्रमांकांसह, मी रविवारी इथे टाकते आहे. उजव्या रकान्यातली कुठली चौकट रिकामी आहे असं तुम्हाला वाटतं, ते १अ, १ब असा क्रमांक देऊन लिहा, मी त्याला उत्तर देईन.