ग म प सां

मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावी टँगलवूड नावाची जागा आहे. बॉस्टन सिम्फनी या वाद्यवृंदाचं उन्हाळ्यातलं बिऱ्हाडच म्हणा. ऑगस्टमध्ये तिथे 'स्टार वॉर्स' आणि 'इंडियाना जोन्स' या सिनेमांचे संगीतकार जॉन विल्यम्स यांच्या नावाची 'फिल्म नाइट' होते. शेडमध्ये खुर्च्या आणि बाहेर हिरवळीवर चटया, टोपल्या, वाइनच्या बाटल्या घेऊन पसरलेली माणसं. आम्ही थालीपीठं आणि लसणाची चटणी नेतो, त्यामुळे शेजारच्या चटईशी ओळख आपोआप होते. अंधार पडतो, इंडियाना जोन्सचा मार्च सुरू होतो, ट्रम्पेट उसळतात आणि प्लास्टिकच्या चमकत्या तलवारी घेतलेली पोरं आणि त्यांचे टक्कल पडलेले बाप एकदमच ताठ बसतात.

त्याचा छोटासा तुकडा मी ठाण्याला, नौपाड्यात मामेभावाला पाठवला. दादा शास्त्रीय गातो, घरी शिकवण्या घेतो. उत्तर लगेच आलं : "ही तर उचल आहे. होल्स्ट ऐक, कॉर्नगोल्ड ऐक. तिकडे जाऊन तू बँडबाजाची भक्त झालीस."

दादाचे कान तयार आहेत, हे खरंच. 'स्टार वॉर्स'ची मुख्य धून ऐकताना कॉर्नगोल्डने 1942च्या 'किंग्ज रो' या सिनेमाला दिलेलं संगीत आठवतं. इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या रचनेतला मंगळही मधूनमधून डोकावतो. पण हे ठाणेकराने म्हणावं? ज्या राम मराठ्यांच्या नावाने आपल्या गावात संगीत समारोह होतो, ते गाजले नाट्यसंगीतात. आणि नाट्यसंगीत उभं कशावर आहे? 'मानापमान'ला (1911) गोविंदराव टेंब्यांनी आणि 'स्वयंवर'ला (1916) भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्यांतल्या कितीतरी बंदिशींवर, ठुमऱ्यांवर बेतलेल्या. तिथे कुणी उचल म्हणत नाही. तिथे आपण 'चाल बांधली' म्हणतो.

मग दादाने हुकमी पान टाकलं. आपल्याला सिनेमाचं संगीत कधी फारसं आवडलंच नाही, असं विल्यम्स स्वतःच 2025 मध्ये एका मुलाखतीत म्हणाले. म्हणोत बापडे. आचाऱ्याला स्वतःच्या हातची जिलबी गोड लागत नाही म्हणून पंगतीने उठायचं का?

नाक मुरडणारे इकडेही आहेत. विल्यम्स 1980 ते 1993 बॉस्टन पॉप्स या हलकंफुलकं संगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचे संचालक होते. 1984 मध्ये तालमीत वादकांनीच त्यांच्यासमोर हिसहिसाट केला, त्यांनी राजीनामा दिला, पुढे तो मागे घेतला. फिल्म नाइटला जागा मिळत नाही, आणि साध्या सिम्फनीच्या संध्याकाळी बघावं तर पांढरी डोकी जास्त. तेव्हा इथे सगळे रसिक आणि तिथे सगळे औरंगजेब, असलं काही मला सांगायचं नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. आम्ही लहान असताना 'ऑर्केस्ट्रा' म्हणजे गडकरी रंगायतनला नाहीतर गणपतीच्या मंडपात एक कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि कुणीतरी 'व्हॉइस ऑफ मुकेश'. मला ते अजून आवडतं. पण शब्द थांबले की आपलं ऐकणंही थांबायचं. मधला म्युझिक पीस ही बटाटेवडा आणायला जायची वेळ.

मुंबईला वाद्यवृंद परका नव्हता. हिंदी सिनेमाची व्हायोलिनं आणि ट्रम्पेटं गोव्याहून आलेल्या वादकांनी वाजवली. त्यांच्यातल्या अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजात भल्यामोठ्या वाद्यवृंदाकडून रागांवरच्या रचना वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. 'स्टार वॉर्स' आला त्याच वर्षी, 1977च्या नोव्हेंबरात, हॉलिवूड बोल या खुल्या प्रेक्षागृहात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून ते संगीत वाजवून घेणारे झुबिन मेहता मुंबईचेच. मग सिंथेसायझर आला. एका बोटाखाली वीस व्हायोलिनं मावायला लागली आणि वीस खुर्च्या रिकाम्या झाल्या. 2016च्या 'सैराट'साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेज या ध्वनिमुद्रण स्टुडिओत गेले, तेव्हा मी इथे चार जणांना अभिमानाने सांगत सुटले होते. रात्री मात्र वाटलं, करमाळ्याच्या मातीतल्या गोष्टीला एवढे व्हायोलिनवाले शोधायला किती लांब जावं लागलं!

माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत चौथीत गेली आणि तिच्या हाती ट्रम्पेट आलं. पहिले सहा महिने घरात आजारी म्हैस बांधल्यासारखं वाटायचं. पण तिच्यामुळे मला कळलं, हिरवळीवरचे ते टकले बाप एवढे का हलतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत असाच काहीतरी भोंगा फुंकलेला असतो. वरचा सूर न फाटता लावायचा म्हणजे काय, हे त्यांच्या ओठांना ठाऊक आहे.

आपल्याकडे हे नाहीच असं नाही. पाडव्याच्या स्वागतयात्रेत कौपिनेश्वराजवळ उभं राहा. कुठल्या पथकाचा हात कुठे सुटला, हे बघणारी पोरंसुद्धा अचूक सांगतात, कारण त्यांच्याही कमरेला कधीतरी ढोल बांधलेला असतो. फुंकायला तुतारीही आहे, फक्त हल्ली तुतारी म्हटलं की आधी पक्ष विचारतात. अशीच वीस व्हायोलिनं आणि दहा ट्रम्पेटं ठाण्यातल्या एखाद्या पालिका शाळेत द्यायला काय हरकत आहे? हे लिहिलं तर दादाचं उत्तर : "आधी तिथे बाकं दे." तेही खरं.

त्यानंतर पंधरा दिवस तो गप्प होता. मग वहिनीने त्याच्या रविवारच्या शिकवणीचा व्हिडिओ पाठवला. सात-आठ पोरं मांडी घालून पलटा घोटतायत : ग म प सां, रे ग म. इंडियाना जोन्सच्या मार्चची पहिली ओळ, स्वरन् स्वर. मी लगेच फोन केला.

"शुद्ध स्वर आहेत, बिलावल," दादा म्हणाला. "पोरांना पटकन बसतं."

"आणि कुठून आणलं, ते सांगितलंस त्यांना?"

"चाल बांधली म्हटलं."