अक्कलदाढ काढल्याने नजर जात नाही, पण तिसऱ्या दिवशी लक्ष ठेवा

प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असं नाही, हे तुमच्या अक्कलदाढेवरच्या लेखात स्पष्ट लिहिलंत ते फार बरं केलंत. सरळ आलेली, ब्रश पोचतो अशी दाढ खुशाल राहू द्यावी. माझ्या लेकीची मात्र खालची दाढ आडवी होती. हिरडी सारखी सुजायची, तोंडात दोन बोटंसुद्धा जाईनात. तरी वर्षभर चालढकल झाली, कारण दाढ काढली की नजर जाते, असं सासूबाईंच्या मनात पक्कं होतं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, आजी, दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. जपायची ती खालच्या जबड्यातली नस. तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते, म्हणून तर आधी ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात.

लेखात ड्राय सॉकेटबद्दल मात्र काहीच नाही. दाढेच्या खड्ड्यात जी रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचं झाकण. ते निघून खड्डा उघडा पडला, की तोच ड्राय सॉकेट. दाढ काढल्यावर लेकीने दुसऱ्या दिवशी स्ट्रॉने शहाळं प्यायलं, त्या ओढीने गुठळी निघाली आणि तिसऱ्या रात्री कानापर्यंत ठणका लागला. गोळीनेही थांबेना. डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगेच्या वासाची पट्टी भरली, तेव्हा कुठे पोरीला झोप लागली. म्हणून कळकळीने सांगते, सुरुवातीचे काही दिवस स्ट्रॉ नको, जोरात चूळ नको, थुंकणं नको, सिगारेट-तंबाखू तर नकोच. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या 24 तासांनंतर, त्याही हलक्या. दुखणं उतरायच्या ऐवजी वाढलं, तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.